माळ्यावरचे फादर

सार्जंटने गाईच्या कोपऱ्यातल्या गवतात तलवार खुपसली, उपसली, पुन्हा खुपसली. ऊना भिंतीला पाठ लावून उभी होती. वर बघायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. वर, माळ्यावर, फादर ल्यूक होते. शिडी समोरच टेकलेली होती.

घरात चोरून ठेवलेला फादर सापडला तर त्याला फाशी आणि लपवणाऱ्यांचं घरदार जप्त, हे आयर्लंडमधल्या केरीच्या त्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रॉटेस्टंट इंग्रजांचं राज्य आलं आणि कॅथलिक फादरांवर बंदी आली, तेव्हापासून असंच चाललं होतं.

शिपायांनी ताकाचं पिंप उलथं केलं, ओटच्या पिठाची पिशवी फाडली. ऊनाची सासू गोबनट तिच्या कानाशी लागली. म्हातारीला भीती वाटली की जीभ सुटायची.

"हा लालतोंड्या ओळखलास का? दर रविवारी त्या इंग्रज साहेबाच्या घरी प्रार्थनेला असतो. मी भांडी घासता घासता ऐकते ना. 'आमच्या बापा' अगदी आपल्यासारखंच म्हणतात मेले. आपण 'वाइटापासून सोडव' म्हटलं की संपलं. ह्यांचं कुठलं संपायला! पुढे शेपूट जोडतात, राज्य तुझं, सत्ता तुझी. देवापुढे बसले तरी राज्याचा विषय काही सुटत नाही!"

"आई, गप्प बसा हो," ऊना ओठ न हलवता म्हणाली.

"चला, पुढच्या घरी," सार्जंट ओरडला. शिडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पवित्र मातेनेच त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला, असं ऊनाला वाटलं.  ती सांडलेलं पीठ गोळा करायला बसली.

पण तिचा खरा जीव टांगलेला होता तो फिनीनपाशी, तिच्या नवऱ्यापाशी. बापजाद्यांची जमीन साहेबाला दिली गेली तेव्हा त्याने बंदूक उचलली होती. आता मांडीत गोळी घेऊन तो लपून बसला होता आणि जखम सडत चालली होती. आपण वाचत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. "मला कुत्र्याच्या मौतीने मरायचं नाही. एक फादर आण," एवढंच त्याचं मागणं होतं.

फादर आणायचा कुठून? आणि काल संध्याकाळी भिजून चिंब झालेले फादर ल्यूक आपणहून दारात उभे राहिले. लॅटिन तर त्यांच्या तोंडून पाण्यासारखं वाहत होतं. ऊनाला देवच पावला. गोबनटने मात्र दम भरला होता, "माणूस पारखल्याशिवाय फिनीनचं नाव काढशील तर खबरदार."

फादर शिडीवरून उतरले. अंगभर गवत चिकटलं होतं.

"माझ्यासाठी तुम्ही दोघींनी जीव पणाला लावलात," ते म्हणाले. "मी काय करू तुमच्यासाठी?"

ऊनाने सासूकडे पाहिलं. म्हातारीने डोळे पुसले.

"सांग पोरी. शिपाई ज्याच्या मागावर आहेत, तो फादर आपलाच."

मग ऊनाने सगळं सांगून टाकलं. खिंडीपलीकडची चुन्याची पडकी भट्टी. मागच्या बाजूने शिरायचं, दगडावर दगड वाजवायचा आणि तिचं नाव घ्यायचं. नाहीतर तो बंदूक झाडेल.

"एकटाच आहे?"

"एकटाच, फादर. आणि तापाने फणफणलाय."

"शेवटच्या संस्काराचं पवित्र तेल माझ्याजवळ आहे. आत्ताच निघू."

ऊनाला रडू फुटलं. आता फिनीन सुखाने डोळे मिटेल. यापलीकडे तिला काही नको होतं.

"निघण्याआधी प्रार्थना म्हणू या, फादर," ती म्हणाली. "घरातून असंच निघू नये."

फादर दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले. दोघी त्यांच्यासमोर बसल्या. तिघांनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्या घरात पुरुषाच्या आवाजातली प्रार्थना ऐकू येत होती. रोजची भाकर मागून झाली, अपराधांची क्षमा मागून झाली.

"आणि आम्हाला वाइटापासून सोडव."

ऊना थांबली. गोबनट थांबली.

"कारण राज्य तुझं," फादर ल्यूक भरल्या आवाजात म्हणतच राहिले, "आणि सत्ताही तुझीच."