तपासलेला

प्रयोगशाळेत चार्जरच्या अ‍ॅडॉप्टरना तीन-तीन हजार व्होल्टचे झटके देतात. त्यातून जो तगतो तो पास. पण आतून तो इतका खिळखिळा होतो की त्याची रवानगी थेट भंगारात. चुकून कुणी वापरू नये म्हणून तपासनीस त्यावर लाल शाईने लिहायचा, 'तपासलेला'.

दुपारी त्याला बायकोचा फोन आला. "अहो, भंगारवाल्याला द्यायला म्हणून तुम्ही आणलेली अ‍ॅडॉप्टरची पिशवी घरीच राहिली ना? त्यातला एक आईंच्या मोबाईलला लावलाय."

तो खुर्चीतून उठला. "आई कुठे आहे?"

"पडल्यात जरा, मोबाईल उशाशी घेऊन. का हो?"

"भिंतीवरचं बटण बंद कर! अ‍ॅडॉप्टरला हात लावू नकोस!"

खट् असा आवाज आला. मागोमाग आईचं घोरणं ऐकू आलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"आता ती पिशवी घट्ट बांधून ठेव."

"पिशवीत आहे काय आता? तुम्ही स्वतः 'तपासलेला' लिहिलंय म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांच्या नुसत्या उड्या पडल्या. हा एक राखता राखता माझ्या नाकी नऊ आले."