हरकतीचे तीस दिवस

"कै. काढून टाकू या का, मावशी? नाव फार लांब होतंय."

"न्हाई, लेकी." केवळाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आधी कै., मग पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, मग निलंगा. यातला एक शब्दबी कमी करू नको."

तनुजानं टाइप केलं. कै. सुदर्शन ग्यानोबा बिराजदार अभ्यासिका व ग्रंथालय, निलंगा.

लातुरात विनोद वकिलांकडं संस्था नोंदणीचं काम तीच बघायची. गोशाळा, भजनी मंडळं, शाळा, सगळ्यांचे कागद तिच्या हाताखालून गेलेले. सात सभासद, सातांची आधार कार्डं, सातांच्या सह्या, वर जागामालकाची संमती. इथपर्यंत येईतो निम्मे लोक कंटाळून जायचे. केवळाबाई कंटाळल्या नाहीत. दर सोमवारी निलंग्याच्या पहिल्या एसटीनं यायच्या. पिशवीत कागद असायचे, आणि तनुजाच्या दोन वर्षांच्या लेकीसाठी फडक्यात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू.

सुदर्शनचं तनुजानं कधी खोदून विचारलं नाही. डॉक्टर व्हायला लातूरला आला होता, होस्टेलला राहायचा, सहा वर्षांखाली निकाल लागला त्या दिवशी... एवढं बोलून केवळाबाई थांबल्या होत्या. शिकवण्यांच्या गल्लीत राहणाऱ्या तनुजाला पुढचं विचारायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिनं झोपलेल्या लेकीला उचलून घेतलं आणि सासूची बोलणी खाल्ली.

"मृत्यूचा दाखला असला तर द्या. लागतोच असं नाही, फाईलला बरा."

"लागत न्हाई ना? मग राहू दे."

"आणि सातांत काकांचं नाव कसं नाही?"

"मालक सही करत न्हाईत. कागद म्होरं ठिवला की उठून गोठ्यात जातेत."

"बापाचं काळीज आहे, मावशी."

"हाव. आईचंच तेवढं दगडाचं असतंय." केवळाबाई हसल्या. तनुजाला हसता आलं नाही.

अभ्यासिकेची खोली सामाईक घरातली होती. ती धाकट्या दिराच्या, व्यंकटीच्या, वाट्याला आलेली. घोडं अडलं तर तिथंच अडणार, हे तनुजानं ओळखलं.

"बघा हं मावशी, नोटीस निघाली की तीस दिवस असतात. ज्याचा संबंध आहे त्यानं तेवढ्यात हरकत घ्यायची. आणि एकदा हरकत आली की चौकशी, तारखा. वर्ष-वर्ष फाईल हलत नाही."

"हरकत घ्यायला जातीनं यावं लागतंय?"

"नाही. लिहून द्यायचं. पोस्टानं पाठवलं तरी चालतं."

"नुसती चिठ्ठी?"

"नाव, पत्ता, सही पाहिजे."

केवळाबाईंनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. नाव, पत्ता, सही. बाई दिराला किती भिऊन आहे, तनुजाला वाटलं. तिनं स्वतःच व्यंकटीला फोन लावला.

"वहिनीचं डोस्कं फिरलंय, मॅडम," तो म्हणाला. "दादा तिच्याशी बोलत न्हाई महिन्यापून. पण देतो मी संमती. तिच्याम्होरं आजवर कुणाचं चाललंय?"

संमती आली. तनुजाला वाटलं, निम्मी लढाई जिंकली.

राहिली नोटीस. वकील म्हणाले, लातूरच्या एका पेपरात दिली की काम झालं.

"पुण्याच्या पेपरातबी द्या," केवळाबाई म्हणाल्या. "हैदराबादकडं मराठी पेपर जातोय का?"

"मावशी, अभ्यासिका निलंग्यात. हैदराबादचे लोक पुस्तक वाचायला येणार आहेत का?"

"पाव्हणे हायत तिकडं. उद्या म्हनू नयेत, आमाला कळलंच न्हाई."

वकिलांनी हात जोडले. नोटीस तिन्हीकडं गेली.

मग सोमवार सोमवार राहिला नाही. केवळाबाई दिवसाआड येऊ लागल्या. धर्मादाय कार्यालयाबाहेर लिंबाखाली बाकडं होतं, तिथं बसायच्या. पोस्टमन आत शिरला की उभ्या राहायच्या, तो बाहेर पडला की तनुजाला फोन करायच्या.

"आज काय आलं का गं?"

तनुजा कार्यालयातल्या टपालाच्या बाबूला विचारून यायची. "काही नाही, मावशी. बिनघोर राहा."

"बरं," म्हणायच्या. दर खेपेला आवाज थोडा खाली गेलेला. विसाव्या दिवशी त्यांच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. तनुजा घरचा डबा न्यायची, समोर बसून दोन घास खायला लावायची. दुसरं तिच्या हातात काय होतं? नियमाचे तीस दिवस कुणी एकोणतीस करून देत नाही.

तिसाव्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या वेळेला तनुजा आतून जवळजवळ पळतच आली. हातात कोपऱ्यावरून आधीच आणून ठेवलेले पावशेर पेढे होते.

"सुटलो, मावशी! एकसुद्धा हरकत नाही. आता नोंदणीचा नंबर पडला म्हणून समजा."

केवळाबाईंनी पेढ्याला हात लावला नाही.

"समदी टपाल बघितली?"

"सगळी. बाबूनं माझ्यासमोर रजिस्टर उघडलं."

"पुण्याची? हैदराबादची?"

"अहो, कुठलीच नाही. व्यंकटीकाकांनीसुद्धा शब्द पाळला. आता तरी तोंड गोड करा."

केवळाबाईंनी पिशवीतून नोटिशीचं कात्रण काढलं. घडी घालून घालून ते मधोमध फाटलं होतं. त्यांनी ते मांडीवर पसरलं आणि पहिल्याच अक्षरावर, कै. वर, बोट टेकवलं.

"परत एकदा बघून ये, लेकी. नाव नसंल, पत्ता नसंल, सही नसंल... नुसतं ‘मी जित्ता हाय’ एवढंच लिहिलेली एखादी चिठ्ठीबी न्हाई आली?"