दुसरा रोग

“मले एकच निघाला, अन् हिले दोन. मंग दुसरा कोनाचा, मामाजी? तुमीच सांगा.”

मनोहर हे दवाखान्याच्या व्हरांड्यात, चारचौघांदेखत सासऱ्याला विचारत होता. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी बुडवून तो आला होता. खिशात फारकतीचा कागद होता. पंचांच्या सह्या झाल्या होत्या. मुलीच्या बापाची तेवढी राहिली होती.

रुपराव कुहीहून पहिल्या एसटीनं आले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही.

“आन इकडे,” ते म्हणाले. “करतो सही.”

शामला बाकाच्या टोकाला बसली होती. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे. उजव्या कानानं जे येई, ते ती दोन आठवडे ऐकत होती. सासूनं म्हटलं होतं, जावेनं म्हटलं होतं, पाण्याच्या नळावर बायकांनी म्हटलं होतं. त्यात आता नवं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आतून हाक आली. डॉ. इंदुताई गजभियेंनी तिघांनाही बोलावलं.

टेबलावर दोन केसपेपर होते. मनोहरला परमा, म्हणजे गनोरिया. शामलाला परमा आणि गरमी, म्हणजे सिफिलिस. इंदुताईंनी या दोन आठवड्यांत ते कागद चार वेळा वाचले होते, कारण ते एकमेकांशी जुळत नव्हते.

“परमा हिला तुमच्याकडून लागला,” त्या मनोहरला म्हणाल्या.

“मी कोठी नाही म्हनून रायलो? मर्द मानूस, झाली चूक. पन दुसरा?”

“दुसरा तुम्हाला नाही.”

“तेच तं! मले नाही, मंग इले कोठून आला? हवेतून?”

“हिला तो अलीकडे झाला असता, तर तुम्हालाही बहुतेक झाला असता. तुमचं रक्त साफ आहे. म्हणजे हिचा रोग जुना आहे. इतका जुना, की आता तो हिच्याकडून नवऱ्याला लागत नाही.”

“लग्नाच्या आंधीचा म्हना ना!” मनोहर सासऱ्याकडे वळला. “आयकलं, मामाजी?”

रुपरावांनी मान खाली घातली.

इंदुताईंनी शामलाला खिडकीपाशी उभं केलं. तोंड उघडायला सांगितलं. वरचे समोरचे दोन दात आखूड होते आणि त्यांच्या कडेला मधोमध खाच होती. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला. बुबुळांवर पातळ, दुधी पडदा होता.

“लहानपणी डोळ्यांना काही झालं होतं?”

“दहा वर्साची होती तवा,” उत्तर रुपरावांनी दिलं. “उजेडाकडे पाहू नाही शके. सालभर अंधाऱ्या खोलीत बसवलं. मंग कान गेला.”

“हिची आई कुठं आहे?”

“नाही.”

“वारली?”

“नाही. माहेरी रायते. घरी माही दुसरी हाय.”

“हिच्या आधी हिच्या आईला किती मुलं झाली?”

“दोन. दोनी मेलेले.” रुपराव पाठ असल्यासारखं बोलत गेले. “मंग ही. जल्मली तं हातापायाची साल निघून रायली होती. माही माय म्हने, सुनेच्या रक्तातच खोट हाय. पंच बसवले. फारकत देल्ली. एकवीस वर्सं झाले.”

इंदुताईंनी टॉर्च खाली ठेवला.

“लग्नाआधी तुम्हाला काही झालं होतं?”

रुपरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“खानीवर होतो तवा,” ते शेवटी म्हणाले. “एक फोड आला होता. दुखे बी नाही. आपल्या आपनच बरा झाला.”

“बरा होत नाही तो. दिसेनासा होतो.”

मग त्या शामलाच्या उजव्या कानाशी वाकल्या. सावकाश, मोठ्यानं आणि साध्या शब्दांत त्यांनी सगळं सांगितलं. हा दुसरा रोग तुला जन्माच्या आधी, आईच्या पोटात लागला. तुझ्या आईला तो तुझ्या वडिलांकडून आला. तू काही केलं नाहीस. तुझ्या आईनंही काही केलं नाही. व्हरांड्यातल्या लोकांनाही ते ऐकू गेलं असणार.

“हं,” शामला म्हणाली. बसची वेळ कुणी सांगावी तसं तिनं ते ऐकून घेतलं.

मनोहरनं फारकतीचा कागद खिशात खोल दाबला. “मंग तं काही वांदा नाही,” तो म्हणाला. “मायले मी समजावून सांगतो. दोघंबी इंजेक्शनं घेऊ. चाल वं घरी.”

“चार दिवस माह्याइथं येऊ दे इले,” रुपराव घाईनं म्हणाले. “चाल पोरी. कुहीले चाल.”

“आधी तुमचं रक्त द्या,” इंदुताई म्हणाल्या. “आणि हिच्या आईलाही आणावं लागेल. इतकी वर्षं तिला औषध नाही.” त्यांनी एक कोरा केसपेपर पुढे ओढला. “नाव?”

ते नाव रुपरावांच्या घरात कुणी घेत नसे.

“मीराबाई,” शामला म्हणाली.

इंदुताईंनी मान वर केली. “गाव?”

“अड्याळ.”

त्यांनी लिहिलं. शामलानं टेबलावरचा स्वतःचा केसपेपर उचलला, त्यांच्यापुढे ठेवला आणि पत्त्याच्या ओळीवर बोट टेकवलं.

“माह्या कागदावर बी तेच गाव लिहा, बाई.”