मुकेशच्या कॉम्प्युटरातली धवलेरी

तलासरीच्या त्या घरात उद्या सुषमाचं लग्न होतं, आणि लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे तिचीच आई जिवली, आजारपणात आवाज घालवून भिंतीशी मुकी बसली होती. बाया भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात तेव्हा धवलेरीने शेजारी बसून गायचं, ही इथली रीत. गाण्याशिवाय देव चौकात येत नाहीत.

सुषमाच्या भावाने, मुकेशने, डहाणूच्या बंद पडलेल्या छापखान्यातून दोन प्रोसेसरांचा जुना कॉम्प्युटर आणला होता. एका प्रोसेसरकडे त्याने शेजारच्या हंसाच्या लग्नात रेकॉर्ड केलेलं आईचं गाणं सोपवलं, दुसऱ्याकडे पडद्यावर चौक काढणं. एक गाई, दुसरा रेघ ओढी. जणू दोन बाया मांडीला मांडी लावून बसल्या.

"हंसाचं नाव काढ रे त्यातून," सुषमा म्हणाली. "नायतर नवरा माझा आणि वरात तिची."

मुकेश हसला. पण नाव काही निघेना, आणि गाणारा प्रोसेसर तापला. त्याने मशीन बंद केलं, तो प्रोसेसर काढून सुषमाच्या हातात दिला आणि नुसता चौक चालू केला.

पडद्यावर पहिली रेघ उमटली. तिच्याबरोबर गाणंही.

प्रोसेसर सुषमाच्या मुठीत अजून कोमट होता. दोघांनी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"थांबव ना," सुषमा पुटपुटली. मुकेशचा हात उठेना. आईचा आवाज किती दिवसांनी घरात आला होता.

गाणं नवरीच्या नावापाशी आलं. हंसाचं नाव आलं नाही. सुषमाचंही नाही.

"जिवले," त्या आवाजाने साद घातली, "चौकात ये."

भिंतीशी बसलेल्या आईने मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखा पदर पुढे ओढला.