कडीची भोकं
कामावरून कुणी उठू नये म्हणून मालक शिलाईखात्याला बाहेरून कडी घालायचा. आग लागल्यावर खिडकी फोडून एक शिंपी तेवढा वाचला. बाकीचे दाराशीच सापडले. घरी येताच त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन झाडून साऱ्या कड्या काढल्या, अगदी बाथरूमचीसुद्धा. आत माणूस आहे हे कळावं म्हणून बायको अंघोळ संपेपर्यंत बेसूर गात राहायची. आई कपाळाला हात लावायची. तो झोपेत दारं बडवू लागला, तेव्हा मात्र बायकोने त्याला समुपदेशक बाईंकडे नेलं. तो उंबऱ्यातच अडला. "आधी कडी काढतो, मग बोलू." "सापडली तर काढा," बाई म्हणाल्या. कडीच्या जागी स्क्रूची भोकं होती. "तुमच्याआधी एकाने काढली. खाणीत गाडला जाऊन वाचलेला. अजून येतो." शिंप्याने आत जाऊन दार स्वतःच लोटून घेतलं. बाहेर माणूस आहे हे कळावं म्हणून बायको बाकावरून बेसूर गाऊ लागली.