चौसष्टच्या पुढे

"दोन्ही सारखेच दिसतात की गं," मामा म्हणाले आणि दोन्ही मदरबोर्ड त्यांनी दिव्याखाली धरले.

"सख्ख्या बहिणींसारखे," धाकटी म्हणाली. "चेहरा एक, स्वभाव दोन."

मामा खदखदून हसले. थोरली हसली नाही. असलं काही आपल्याला वेळेवर कसं सुचत नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं दुकान मामांचं. मामांना मूलबाळ नव्हतं. या दोघी भाच्याच काय त्या त्यांच्या. हल्ली मामांचे हात थरथरत. बारीक स्क्रू बोटांतून निसटे आणि मग तिघंही टेबलाखाली ओणवी होऊन तो शोधत बसत. शेवटी मामांनी सांगून टाकलं होतं. नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांना बारा मशिनं हवीत. दोघींनी नमुन्याचं एकेक जोडायचं. जिच्या मशिनाला ते पसंती देतील, तिने दुकान सांभाळायचं आणि दुसरीने तिच्या हाताखाली काम करायचं.

हे 'हाताखाली' थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. अकरा वर्षं ती या टेबलाशी घासत होती. धाकटीला डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न धरायला तिनेच शिकवलं, आणि आता गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "छोट्या ताई नाहीत का?" मत्सराला डोळे असतात, पण पापण्या नसतात, तो मिटतच नाही.

चिपसेट, म्हणजे बोर्डावरचा मेमरी सांभाळणारा चिपांचा संच, दोघींनी आपापला निवडला. कंपनी एकच. थोरलीचा जरा जुना, संथ, पण कितीही मेमरी घाला, सगळी सारख्या मायेने सांभाळणारा. धाकटीचा नवा, चपळ, नव्या जलद मेमरीवर पळणारा. मात्र त्याला एक खोड होती. हाताशी ठेवलेली झटपट मेमरी, म्हणजे कॅश, तो पहिल्या चौसष्ट एमबीपर्यंतच पुरवायचा. त्यापुढची मेमरी पोरकी. आणि कामं तर आधी त्या पोरक्या भागातच जाऊन बसायची. म्हणजे मेमरी वाढवावी, तर मशीन उलट मंदावायचं.

हे सारं त्या बोर्डाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं. थोरलीने ते पान तीनदा वाचलं होतं. धाकटी कसली पुस्तिका उघडतेय!

नकाशेवाले यायच्या आदल्या दुपारी धाकटीचं मशीन सुरू झालं. "अगं, हे तर वाऱ्यावर स्वार झालंय!" मामा ओरडले. थोरलीचंही मशीन तयार होतं, पण त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

जो गुळाने मरतो, त्याला विष कशाला घालावं?

मामांनी दोघींना मेमरी चौसष्ट-चौसष्टच दिली होती. थोरलीने स्वतःच्या पैशांनी घेतलेली बत्तीसची एक पट्टी आपल्या मशिनात जादा बसवली होती. ती तिने काढली आणि धाकटीपुढे ठेवली.

"घे. तुझ्या बोर्डावर जागा रिकामी आहे."

धाकटी पट्टीकडे पाहतच राहिली. "आणि तुला गं?"

"मला चौसष्ट पुष्कळ झाली. नकाशेवाले एकेक तुकडा उघडून बघणार, त्याला कितीशी लागते?"

"ताई, उद्या आपली शर्यत आहे. विसरलीस की काय?"

"शर्यत गेली चुलीत. बहीण आहेस ना माझी? घे म्हटलं ना."

धाकटीने पट्टी उचलली, बोटांत फिरवली. "बरं," ती म्हणाली.

सकाळी नकाशेवाले आले. मामांनी नेहमीची वेग मोजायची सीडी आधी एकात, मग दुसऱ्यात घातली. थोरलीचं मशीन चांगलंच पुढे निघालं.

"काल तर हरणासारखं पळत होतं! आज लंगडतंय कशाने?" मामा धाकटीच्या मशीनवर टिचक्या मारू लागले. थोरली एक आधीच पुसलेला स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसत बसली.

"तुमची सीडी राहू द्या," नकाशेवाले म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून स्वतःची काढली. "तुकडा तुकडा तर माझं जुनं मशीनही दाखवतं. मला अख्खं शहर एकदम बघायचंय."

थोरलीचा हात थांबला.

तिच्या मशीनवर नदी आली, पूल आला, बाजारपेठ अर्धी आली. मग मेमरी भरली. हार्ड डिस्क करकरायला लागली. डिस्कवर ठेवायचं, डिस्कवरून काढायचं, असं नुसतं सुरू झालं. दहा मिनिटांनी नकाशेवाल्यांनी खुर्ची सरकवली ती धाकटीकडे.

तिचं मशीन मंदच चाललं, पण कुठे अडलं नाही. गल्लीमागून गल्ली उमटत गेली. पोरकी असली तरी ती मेमरीच. डिस्कपेक्षा कितीतरी पटींनी जलद. तीन मिनिटांत शेवटची वस्तीही पडद्यावर होती.

"हे! असली बारा द्या," नकाशेवाले म्हणाले.

मामांनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "ठरलं तर. उद्यापासून दुकान हिचं!"

थोरलीच्या कानशिलात आग पेटली. आपल्याच हाताने, आपलीच पट्टी! तिला पडद्याकडे पाहवेना.

"नाही मामा, दुकान ताईला द्या," धाकटी म्हणाली. "चौसष्टच्या पुढे हा बोर्ड मंदावतो, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. रात्री दोनदा ती पट्टी काढायला गेले. पण म्हटलं, ताई स्वतःची काढून देतेय, म्हणजे तिला पुस्तिकेच्या पलीकडचं काहीतरी दिसलं असणार."