ओला रंग

शुक्रवारचा सूर्य कलायला लागला तशी शालोमने घाईघाईने फोर्ड घरासमोर आणून उभी केली. एकदा का हेप्झिबाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिवा लावला की शब्बाथ, शनिवारचा विसावा, सुरू. मग बाबा मोटारीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. जुडाहबाबांनी उमर काढली ती पनवेल ते मोरा धक्का टॅक्सी हाकण्यात, पण शनिवारी कधी चाक हललं नाही.

मागच्या सीटवर रंगारी महादेव चिंध्या घेऊन बसला होता. निघेपर्यंत त्याचा ब्रश चालूच होता.

लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून बाबांनी गाडी विकून टाकली होती. शालोमला ती सापडली उरणकडे, एका मिठागराच्या छपरात. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याने ती ओळखली ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरून. घरात शिरताना चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही त्यांच्या ज्यू घरांतली रीत. बाबा मोटारीत चढतानाही तेच करायचे. मोटारीला कुठला आलाय मेझुझा! लोक हसायचे. पण रोजच्या त्या बोटांनी तिथला रंग झिजून पत्रा उघडा पडला होता.

आई गेली आणि बाबांनी हाय खाल्ली. अंथरूण सोडेनात, शुक्रवारच्या जेवणालाही येईनात. आशीर्वादाचा प्याला त्यांच्याऐवजी शालोमच उचलायचा. निदान गाडीसाठी तरी उठतील, या एकाच आशेवर त्याने ती विकत घेऊन दुरुस्त केली होती.

त्याने हॉर्न वाजवला. आत सामसूम. पुन्हा वाजवला. मग उंबऱ्यावर बाबांची काठी वाजली.

नेमकी तेव्हाच त्याची नजर चौकटीवर गेली. काळा, नवाकोरा रंग!

"महादेव, इथली खूण कुठाय रे?"

"ती व्हय? मना गंज वाटला, म्हनून घासून रंगवला. झाला ना झकास?"

शालोमने महादेवला सगळं बजावून सांगितलं होतं आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

बाबा गाडीभोवती फिरले, बॉनेटवरून हात फिरवला. दाराशी आले आणि सवयीने हात वर गेला.

"काका, रंग वला हाय!" महादेव चिंधी घेऊन धावला.

तोवर बोटं चौकटीला टेकून ओठांनाही लागली होती. रंगात दोन बोटांचे ठसे उमटले.

"थांबा काका, आत्ता वरून हात मारतो."

"खबरदार!" बाबा म्हणाले. ठशांकडे बघत राहिले. "मागे एवढी खूण पडायला किती वर्षं गेली होती."

काठी शालोमच्या हातात देऊन ते स्टिअरिंगवर बसले.

"बाबा, दिवा लावू?" आतून हेप्झिबाने विचारलं.

"थांब गं जरा. नाक्यापर्यंत जाऊन येतो."

त्या रात्री बाबा जेवायला येऊन बसले. मनुकांच्या रसाचा प्याला त्यांनी स्वतः उचलला आणि आशीर्वाद म्हटला. ओठांवर काळा रंग तसाच होता. पुसा म्हणून कुणीच सांगितलं नाही.